टपावरचा संसार

ऑक्टोबर २०२०मध्ये नवी तीन दारांची थार ही ऑफ-रोड गाडी आली. मागच्या सीटवर माणसं बसली की डिकीत जेमतेम एक-दोन सॅक मावतात. पुण्या-मुंबईच्या हौशी मालकांनी त्यावर तोडगा काढला : टप. कॅरिअर, फावडं, रुतलेल्या चाकाखाली घालायचे नारिंगी ट्रॅक्शन बोर्ड आणि २० लिटरचा जेरीकॅन. तो भरला तर नुसतं पेट्रोलच १५ किलोच्या आसपास. म्हणून बहुधा रिकामाच मिरवतो.

जड सामान खाली, दोन्ही आसांच्या मध्ये आणि करकचून बांधलेलं असावं, हा ऑफ-रोडिंगचा पहिला धडा. टपावरच्या ओझ्याने गुरुत्वमध्य वर सरकतो आणि आडव्या उतारावर गाडीला कलंडायला निमित्तच हवं असतं. पण ओढायचा पट्टा अडकवायचा, सीटखालचा शॅकल सिग्नलवर कुणाला दिसणार?

मग मुळशीकडच्या चिखलात गाडी रुतते. मागची सीट दुमडून डिकी भरलेली; ओढायचा पट्टा तिच्या तळाशी. त्यावर शेगडी, तंबू, घडीच्या खुर्च्या, बर्फाची पेटी आणि सगळ्यांत वर दशम्यांचा डबा. मालक एकेक वस्तू बाहेर काढतो. बांधावर आठवडी बाजार भरतो.

तेवढ्यात गावातला ट्रॅक्टर येतो. चालकाच्या सीटमागे एकच वस्तू : साखळी. ती अडकवून झाल्यावर तो शांतपणे दर सांगतो.