मार्ककाका

मीरा रोडच्या शांतीनगरात मार्ककाका राहतात. बँकेतून निवृत्त झाले, पण हिशेब सुटला नाही, आणि तो आपल्याच बाजूने लागला पाहिजे हा हट्टही. रक्त तपासून आले की सांगतात, "साखर फर्स्ट क्लास, बीपी काठावर पास."

हल्ली किल्ल्या सापडेनात म्हणून काकूंनी त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथल्या मानसशास्त्रज्ञ मुलीने घड्याळ लावलं : एका मिनिटात येतील तेवढे प्राणी सांगा. गडबडीत गाय दोनदा आली. दुसऱ्या गाईला मार्क नाही! मग 'प'चे शब्द. काका उत्साहात : पाणी, पाणीपट्टी, पाणीपुरवठा, पाणीटंचाई. भाईंदरकडच्या माणसाला यापेक्षा वेगळं काय सुचणार? पण एकाच शब्दाची पिल्लं चालत नाहीत. पुणे, पनवेल, पालघर यांवरही काट, विशेषनामं बाद.

पुढची तारीख मिळाली आणि काका अभ्यासाला बसले. जेसल पार्कच्या खाडीकाठी फिरताना अस्वल ते हरीण वर्णानुक्रमे घोकू लागले. मांजर, बिल्ली आणि शेजाऱ्यांची गुजराती बिलाडी मिळून एकच मार्क, हे कळलं त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

दारावर मासे विकायला येणाऱ्या उत्तनच्या मावशींवरही त्यांनी घड्याळ लावलं. चार जनावरांनंतर मावशी थांबल्या. "मासे चालतात," काका उदारपणे म्हणाले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या मावशींनी बोंबील, मांदेली, घोळ, रावस, मुशी, वाकटी, माकूल असं एका श्वासात सुरू केलं. काकांनी मिनिट व्हायच्या आत घड्याळ बंद केलं आणि पापलेटचा भाव विचारला.

या चाचणीत खरी गोम मार्कांत नाही, ते कुणाशी ताडायचे यात आहे. इंग्रजीत एफ, ए, एस ही अक्षरं रूढ आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकार संस्थेच्या 2004 च्या चाचणीसंचात क, प, म आहेत. अरबी भाषकाला 'प' विचारून उपयोगच नाही, त्यांच्या वर्णमालेत तो नाही. ("मग ग्रेस मार्क देत असतील," काका.) म्हणून त्या त्या भाषेची निरोगी माणसं तपासून, वय आणि शिक्षण पाहून तक्ते बांधावे लागतात. मावशींची माशांची टोपली कुठल्या तक्त्यात बसते, हा माझा प्रश्न काकांना आवडला नाही.

दुसऱ्या भेटीत काका 'अस्वल' म्हणायला तोंड उघडून बसले होते. मुलगी म्हणाली, "आज भाज्या सांगा." बाजारहाट आयुष्यभर काकूंनी केलेला. बटाटा, कांदा, टोमॅटो... मग बराच वेळ पंखा ऐकू आला.

पण तक्ता निघाला आणि काका सावरले. सोसायटीत वय दोन वर्षं कमी सांगणारा हा माणूस म्हणाला, "मला वरच्या वयोगटात टाका. आणि शिक्षण बी.कॉम. नको, मॅट्रिक लिहा."

"काका, खरं तेच लिहावं लागतं."

"बरं, मग शिक्षणाची वर्षं नीट मोजा. एकदा नापास झालो होतो, ते वर्ष धरायचं नाही."

"दोनदा," काकू म्हणाल्या.