गळतीचा तपास

चिकूच्या वाडीत मोठा ट्रॅक्टर घातला तर फळांपेक्षा फांद्याच जास्त उतरतात. म्हणून घोलवड-डहाणूपासून चिंचणीपर्यंत वाड्यावाड्यांतून पंधरा-अठरा हॉर्सपॉवरचे बुटके ट्रॅक्टर फिरतात. आमचा त्यांच्यातला ज्येष्ठ नागरिक. पावसाळा सरता सरता त्याच्या पोटाखाली तेलाचा डाग दिसू लागला आणि चिंचणीत तज्ज्ञांची केवढी सुबत्ता आहे, ते मला कळलं.

एक म्हणाला, साबणाची वडी घासा. डिझेलच्या टाकीला हा उपाय चालतो, कारण साबण डिझेलमध्ये विरघळत नाही. पण टाकी ठणठणीत होती. दुसऱ्याने एम-सीलची पुडी आणून दिली. तिसऱ्याने लग्नपत्रिका मागितली, गॅसकेट कापायला. भाचीची पत्रिका चांगली जाड होती. त्यातला ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ एवढा भाग गिअरबॉक्सच्या झाकणाखाली गेला. कृपा झाली नाही. वाडी राखणाऱ्या आमच्या गड्याने तेवढ्यात तेलाखाली डालड्याचा जुना डबा सरकवला आणि तो आपल्या कामाला लागला. सगळ्यांत शांत तोच होता.

मग शेजारचे काका आले. काका तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ सालच्या. नंतरच्या दोन ५४० मेगावॉटच्या, त्यांत जड पाणी लागतं. ते एवढं महाग की वाफ होऊन निसटलं तरी हवेतून शोषून परत मिळवतात. अशा शिस्तीतला माणूस टॉर्च घेऊन ट्रॅक्टरखाली शिरला, तेव्हा मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

“थेंब कुठे पडतो ते सगळेच सांगतील,” काका खालून म्हणाले. “निघतो कुठून? आधी पुसून घे सगळं. आणि घरातून पावडर आण.”

“कुठली पावडर?”

“तोंडाला लावायची रे!”

रॉकेलने पुसून, वाळवून, ट्रॅक्टरच्या पार्श्वभागावर हिचा अख्खा डबा रिकामा केला. इंजिन चालू ठेवलं. थोड्या वेळाने अवजारं फिरवणाऱ्या पीटीओ शाफ्टच्या कडेने पांढऱ्यावर एक पिवळट रेघ उतरली. काकांनी बोट लावून वास घेतला. गंधकाचा उग्र दर्प. म्हणजे गिअर ऑईल, मिस्त्री लोकांचं ‘नव्वद नंबर’.

शाफ्टभोवतीचं रबरी सील बदलायचं ठरलं. बोईसरच्या दुकानात मी ट्रॅक्टरची कुळकथा सुरू केली, तर दुकानदाराने हात वर केला. “नंबर बोला.” आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी: ३५-५२-७. बस्स. ‘एमआयडीसी’च्या पंपांना लागतं तेच सील आमच्या म्हाताऱ्याला बसत होतं. मिस्त्रीने जुनं उचकटून काढलं. रबराची कड पापडासारखी कडक झालेली, मागची केसाएवढी स्प्रिंग मोकळी लोंबत होती. नव्याची कड तेलाच्या बाजूला करून, लाकडी ठोकळा ठेवून त्याने ते हळूहळू ठोकून बसवलं. मी पैसे काढले.

“थांब,” काका म्हणाले. “सील गेलं कशाने?”

“वयाने,” मिस्त्री म्हणाला. काकांना वय हे कारण मान्य नसावं, त्यांचं स्वतःचं सत्त्याहत्तर आहे. त्यांनी गिअरबॉक्सवरची हवा ये-जा करायची टोपीएवढी ब्रीदर काढायला लावली. भोक मातीने बंद! कुंभारीण माशीने तिथे घर बांधलं होतं आणि पिलांच्या बेगमीसाठी आत बेशुद्ध कोळी भरून ठेवले होते. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगायची. तिला वाट नाही, मग ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलायची. नवं सीलही चार महिन्यांत गेलं असतं. मिस्त्रीने तारेने माती टोकरली, काकांनी कोळी मोजले आणि वहीत लिहिले. का, ते मी विचारलं नाही.

आता खाली थेंब नाही. फक्त गडी नाराज आहे. डब्यातल्या तेलावर त्याने फाटकाच्या बिजागऱ्या गप्प केल्या होत्या, कुंपणाच्या निम्म्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून हात फिरवला होता.

“दादा,” तो परवा म्हणाला, “उरलेले खांब व्हईपर्यंत तरी थांबायचा व्हता.”