कुणाच्या कानापासून?

होम थिएटरचा रिसीव्हर टीव्हीला जोडला की पडद्यावर पहिला प्रश्न उमटतो तो अंतराचा. डावा स्पीकर तुमच्यापासून किती फुटांवर? मधला किती? उजवा? मागचे दोन? आणि कोपऱ्यात बसवलेला तो काळा ठोकळा, सबवूफर, तो किती? हे प्रश्न वाचून मला बरं वाटलं. डोंबिवलीत ज्याने एकदा घर घेतलं आहे त्याची निम्मी हयात कार्पेट किती आणि बिल्टअप किती यातच गेलेली असते. फुटांच्या प्रश्नाला तो घाबरत नाही.

यामागचं गणितही सोपं आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर धावतो, म्हणजे एक फूट कापायला त्याला एक मिलिसेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो. समोरचा स्पीकर नऊ फुटांवर आणि मागचा चार फुटांवर असला, तर मागच्याचा आवाज जवळजवळ साडेचार मिलिसेकंद आधीच कानात शिरतो. रिसीव्हर त्या जवळच्याला तेवढा वेळ थोपवून धरतो आणि सगळ्यांना एकाच वेळी कानाशी हजर करतो.

"साडेचार मिलिसेकंदांनी कुणाचं काय अडतंय?" बायकोने विचारलं.

हेल्मुट हास नावाच्या जर्मन माणसाने १९४९ साली अशाच प्रश्नावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला, हे मी तिला सांगितलं. तोच आवाज काही मिलिसेकंदांच्या फरकाने दोन ठिकाणांहून आला, तर माणसाचा कान आधी आलेल्याचीच दिशा खरी मानतो. मागून आलेला चक्क दहा डेसिबलने मोठा असला तरी त्याला कुणी विचारत नाही.

"म्हणजे आई आधी बोलल्या ते खरं. नंतर मी कितीही ओरडू दे," ती म्हणाली. हासचा प्रबंध इतक्या थोडक्यात कुणी मांडला नसेल.

जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ आहे. स्पीकर कसे मांडावेत याची त्यांची एक शिफारस आहे आणि तिच्यात एक चित्र आहे. मधोमध एक माणूस, त्याच्याभोवती गोल. गोलावर नाकासमोर सेंटर स्पीकर, त्याच्या दोन्ही बाजूंना तीस-तीस अंशांवर डावा आणि उजवा, आणि कानांच्या थोडे मागे, १०० ते १२० अंशांच्या दरम्यान, आणखी दोन. सगळे त्या माणसापासून सारख्या अंतरावर. चित्रातल्या माणसाला नातेवाईक नाहीत. त्याच्या हॉलमध्ये दिवाण नाही, चपलांचं कपाट नाही, इस्त्रीचे कपडे टाकायची खुर्ची नाही, आणि उजवी भिंत मध्येच संपून तिथून स्वयंपाकघराकडे जायचा पॅसेज निघत नाही. आमच्याकडे हे सगळं आहे. त्यामुळे उजवा स्पीकर देव्हाऱ्याच्या खाली आला (देवाकडे पाठ करायची नाही, ही आईची अट), मागचा डावा बाल्कनीच्या ग्रिलशेजारी लटकला आणि मागचा उजवा, भिंतच नसल्यामुळे, पॅसेजमधल्या फ्रिजच्या डोक्यावर बसला. जिनिव्हाचा गोल आमच्या घरात येईपर्यंत चेपलेल्या पातेल्यासारखा झाला. अंतराचं सेटिंग आहे ते आमच्यासारख्यांसाठीच. त्या गोलातल्या माणसाला त्याची गरज नाही.

आता मापं घ्यायची. सुताराकडून राहिलेली टेप होती. चिरंजीव एक टोक धरून डाव्या स्पीकरपाशी उभे राहिले, दुसरं टोक मी सोफ्यावर बसून कानाशी धरलं.

"कुणाच्या कानापासून मोजताय?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

या शास्त्राची सगळी गोम या एका प्रश्नात आहे. रिसीव्हरच्या दृष्टीने घरात एकच माणूस राहतो. त्याच्या बसण्याच्या जागेला पुस्तिकेत 'मुख्य श्रवणस्थान' म्हणतात, आणि सगळा हिशेब त्या एका डोक्यापुरता असतो. तीन फूट डावीकडे सरकलात तर तुम्ही शेजारच्या राज्यात गेलात, तिथे हे कायदे लागू नाहीत. आमच्याकडे आई देव्हाऱ्याजवळच्या खुर्चीत बसते, म्हणजे उजवा स्पीकर तिच्यापासून हातभर अंतरावर. बायको दिवाणाच्या टोकाला, कारण तिथून कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. चिरंजीव जमिनीवर आडवे. राहता राहिला सोफ्याचा मधला भाग, तिथे मी. मापं माझ्या कानापासूनच घ्यावी लागणार हे उघड होतं, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. त्यावर घरात जी शांतता पसरली ती मोजायला टेप पुरली नसती.

मापं तरी किती काटेकोर घ्यावीत? रिसीव्हर तीन-तीन सेंटिमीटरने आकडा हलवू देतो. सुतार जसा दोन सूत इकडे, दोन सूत तिकडे करतो तसं मी करत होतो. "बाबा, तू चिवडा घ्यायला वाकलास की फूटभर पुढे जातोस," चिरंजीव म्हणाले. तेव्हापासून चिवड्याची वाटी मी मांडीवर घेतो.

अंतरानंतर पातळी, म्हणजे कोणता स्पीकर किती मोठ्याने बोलणार ते. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलने पडतो, म्हणून लांबच्याला थोडं चढवायचं आणि जवळच्याला दाबायचं. त्यासाठी रिसीव्हर एकेका स्पीकरमधून 'खस्स्स्' असा एकसुरी आवाज सोडतो. आपण डेसिबल मीटर घेऊन बसायचं आणि प्रत्येकाचा आकडा साधारण ७५ वर आणायचा. मोबाइलमध्ये मीटरचं ॲप असतं. त्याचा आकडा अगदी खरा असेलच असं नाही, पण खोटं बोललं तरी सगळ्या स्पीकरांबद्दल सारखंच बोलतं, आणि इथे तेवढं पुरतं. डावा झाला, सेंटर झाला, उजवा झाला. फ्रिजवरचा खसखसायला लागला तशी आई आतून लगबगीने आली, रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली आणि म्हणाली, "अरे, गॅस गळतोय, आणि तू मोबाइल काय बघत बसलायस?"

हे सगळं आपोआप करून घ्यायचीही सोय आहे. रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. तो कानाच्या उंचीवर ठेवायचा, मग रिसीव्हर स्पीकरांमधून 'हुईऽऽप' असा आवाज सोडून तो माइकपर्यंत यायला किती वेळ लागला ते बघतो आणि अंतर, पातळी, सगळं स्वतः ठरवतो. अट एकच, घरात शांतता हवी. आमच्या खिडकीसमोर मध्य रेल्वेचा स्लो ट्रॅक आहे. पलीकडे पायलिंगचं काम. भंगारवाला हल्ली स्वतः ओरडत नाही, रेकॉर्ड केलेला आवाज भोंग्यावर लावून स्वतः गप्प बसतो. शिवाय खालच्या घरातला मिक्सर. दरवेळी पडद्यावर तोच संदेश येई, परिसरात गोंगाट फार आहे. हे सांगायला एवढी महागडी पेटी कशाला हवी होती, हा बायकोचा प्रश्न मला गैर वाटला नाही.

शांतता डोंबिवलीत नाहीच असं नाही. शेवटची लोकल गेल्यापासून पहिली येईपर्यंत ती असते. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागातली मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सहा ४५. हे माप हॉलमधल्या आवाजाचं नव्हे, परिसराचं, हे मला कळतं. पण रात्री दोन वाजता ७५ डेसिबलची 'हुईऽऽप' खालच्या मजल्यावरच्या काकांना समजावून कोण सांगणार? आवाज करायची मुभा असते तेव्हा शांतता नाही आणि शांतता असते तेव्हा आवाज करायची सोय नाही. शेवटी मदतीला आला तो रविवारचा मेगाब्लॉक. गाड्या फास्ट ट्रॅकवर वळवलेल्या, पायलिंगला सुट्टी. अख्खं डोंबिवली स्टेशनवर रेल्वेला शिव्या घालत होतं आणि मी पंखा बंद करून, घाम पुसत, माइकसमोर श्वास रोखून उभा होतो.

निकाल आला. सगळे आकडे माझ्या टेपशी दोन-चार इंचांनी जुळले. फक्त सबवूफरसमोर लिहिलं होतं: एकवीस फूट. आमचा हॉल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सोळा फूट आहे. म्हणजे रिसीव्हरच्या मते सबवूफर शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या आसपास असायला हवा होता. चिरंजीव हसले, पण पेटी बरोबर होती. सबवूफरच्या पोटात स्वतःची फिल्टर-बिल्टर असतात, त्यातून आवाज बाहेर पडायलाच काही मिलिसेकंद उशीर होतो. रिसीव्हरला उशीर दिसतो, कारण दिसत नाही. एक मिलिसेकंद म्हणजे एक फूट, एवढंच त्याला माहीत, म्हणून तो त्याला लांब राहणारा समजतो. तो आकडा तसाच ठेवायचा असतो.

खालच्या काकांना मात्र हा उशीर कधी जाणवला नाही. त्यांच्यापर्यंत तो ताबडतोब पोचायचा. इथे मी पदार्थविज्ञानाच्या बाजूने बोलेन. ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साडेआठ मीटर, म्हणजे अठ्ठावीस फुटांची असते. सोळा फुटांच्या हॉलमध्ये ती मावणार कुठे? उरलेली कुणाच्या तरी घरात जाणारच.

आता व्हॉल्यूम. आमच्या जुन्या टीव्हीवर तो शून्यापासून वर चढायचा. रिसीव्हरवर तो उणे दिसतो. शून्य म्हणजे थिएटरची पातळी: एकेका स्पीकरमधून मोठ्यात मोठा दणका १०५ डेसिबल, आणि सबवूफरच्या खास चॅनेलला ११५ पर्यंत मोकळीक. आमच्याकडे काटा उणे तीसच्या वर गेला की आतून "अरेऽऽ" येतं. उणे तीस डेसिबल म्हणजे शक्तीचा हजारावा भाग. शंभर वॉटच्या पेटीतले नऊशे नव्व्याण्णव हिस्से मी मुदत ठेवीत टाकले आहेत आणि उरलेल्या एका हिश्शावर संसार चालू आहे.

त्यात हल्लीच्या सिनेमांत माणसं कुजबुजतात आणि गाड्या फुटतात, मधलं काही नाही. कुजबुज ऐकू यावी म्हणून वाढवावं तर गाडी फुटते. यावर उपाय सेंटर स्पीकर तीन डेसिबलने चढवणं, कारण संवाद बहुतेक त्यातूनच येतात. पडद्यावरच्या माणसाचा आवाज त्याच्या तोंडातून आल्यासारखा वाटावा, ही तगमग जुनी आहे. ॲलन ब्लुमलाइन नावाचा इंग्रज इंजिनीअर होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेला होता. नट एका टोकाला आणि आवाज भलतीकडून, हे त्याला सहन होईना. यावर तोडगा सापडलाय म्हणून त्याने तिथेच तिला सांगितलं, अशी गोष्ट सांगतात. १९३१ च्या डिसेंबरात त्याने पेटंटसाठी अर्जही केला आणि त्यातून स्टिरिओ आला. मी ही गोष्ट भक्तिभावाने सांगितली. "तिला सिनेमा बघू दिला का पण त्याने?" बायकोने विचारलं.

सेटिंग बरोबर झालं की नाही हे कसं ओळखावं? आमच्याकडे ते आईने ओळखलं. एका सिनेमात पाऊस लागला, बाल्कनीजवळच्या स्पीकरमधून पडायला लागला, आणि आई आतून धावत गेली ती दोरीवरचे कपडे घेऊनच परतली. बाहेर कडकडीत ऊन. "कोरडंच आहे रे," ती म्हणाली. मला ती पावती वाटली. पुढे जूनमध्ये खरा पाऊस कोसळला तेव्हा तिने आतूनच "ती पेटी बंद कर रे" म्हणून सांगितलं आणि दिवाणाच्या दोन्ही चादरी भिजल्या.

आमच्या रिसीव्हरवर चार बटणं आहेत. इनपुट, व्हॉल्यूम, कोणता चॅनेल किती चढवलाय, हे सगळं ती लक्षात ठेवतात. पहिलं बटण आईचं: मालिका, उजवा स्पीकर पाच डेसिबल कमी, मागचे दोन्ही बंद, कारण सुनेने सासूला टोमणा मारल्यावर पाठीमागून 'धाड्' झालेलं तिला आवडत नाही. दुसरं बायकोचं, गाण्यांचं. तिसरं क्रिकेटचं. चौथं माझं होतं.

होतं म्हणायचं कारण खालचे काका. एका रविवारी ते तक्रार घेऊनच वर आले. मी त्यांना सोफ्याच्या मध्यावर बसवलं, पाणी दिलं आणि 'शोले' लावला. काकांनी तो १९७५ साली मिनर्वात, सत्तर एमएमला, स्टिरिओफोनिक आवाजात पाहिलेला. नाणं उडवलं की माणसं सीटखाली वाकून बघायची, हे त्यांनी सांगितलं, आणि आमच्याकडे नाणं वाजलं तेव्हा फ्रिजकडे बघितलं. तक्रार राहूनच गेली. आता ते दर रविवारी येतात आणि थेट मध्यावर बसतात. त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून उजवा स्पीकर चार डेसिबल वर. ते माझ्याहून वीतभर उंच आहेत, पण तेवढं चालतं म्हणाले. मी जमिनीवर, चिरंजीवांच्या शेजारी बसतो.

"आणि सबवूफर जरा वाढवा," गेल्या रविवारी ते म्हणाले. "त्यात काही दमच नाही."

मी सहा डेसिबल वाढवले. पहिल्या स्फोटाला त्यांचा मोबाइल वाजला. खालून काकूंचा फोन होता. काकांनी नाव वाचलं, मोबाइल सोफ्यावर पालथा घातला आणि म्हणाले, "असू दे. मी वर आलोय सांगायलाच, असं सांगीन नंतर."