निद्रिस्त यंत्राची दवंडी

स्वस्तातले कॅमेरे आणि नेटवर्कवर चालणारे दिवे घरच्या गोष्टी बाहेर सांगतात, या रास्त संशयाने ज्या सावध गृहस्थाने आपल्या चार खोल्यांच्या घरात नेटवर्कचे निरनिराळे सुभे पाडले, त्याला एका सुभ्यातून दुसऱ्या सुभ्यातील निद्रिस्त संगणकास जागे करणे हे किती दुर्घट राजकारण आहे, याचा प्रत्यय यथावकाश येतो. जागृतीचे फर्मान तसे आटोपशीर: आरंभी ६ बाइट नुसते ‘एफएफ’, पुढे नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता १६ वेळा, एकूण १०२ बाइट. (सोळा वेळा पुकारल्यावाचून दखल न घेणारा अधिकारी आपण कचेरीत पाहिला असेलच.) परंतु निजलेल्याचा पत्ता राउटरच्या एआरपी दप्तरातून लवकरच खारीज होत असल्यामुळे हे फर्मान दवंडी पिटूनच पोहोचवावे लागते, आणि परमुलखातील दवंडी हद्दीत शिरू द्यायची नाही, असा राउटरांचा जाबता, अशा दवंड्यांच्या आडून हल्ले होऊ लागल्यावर, १९९९ साली कायम झाला. तेव्हा जाणकार सुचवितात, की त्या सुभ्यात एक छोटा संगणक मुतालिक म्हणून अहोरात्र जागता ठेवावा. विजेची बचत व्हावी म्हणून एकास निजवावे आणि त्याला उठविण्यास दुसऱ्याला जन्माचे जागरण घडवावे, असे हे काटकसरीचे शास्त्र! एवढा बंदोबस्त करूनही बायोसमधील परवानगी बंदच राहिली असेल, तर ती देण्यासाठी त्या यंत्रासमोर जातीने हजर व्हावे लागते.