सातबारा लावला का?

भंडाऱ्यात एखाद्या घरी परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले, की बातमी आधी आईला कळते, मग वडिलांना, आणि पेढे आणायला निघालेला माणूस दुकानात पोहोचायच्या आत काकाजींना. काकाजी येतात, चपला काढतात, खुर्ची पंख्याखाली ओढतात. विद्यापीठ कोणते, विषय कोणता, देश कोणता, यातले काहीही न विचारता थेट मुद्द्यावर येतात.

"सातबारा लावला का बे?"

"काकाजी, अजून तं फॉर्मच नाही भरला."

"फॉर्म कोनीही भरते. सातबारा लावला का?"

काकाजी कोण, हे सांगायची गरज नाही. ते तुमच्याही गावात आहेत. तुमसरला ते निवृत्त मुख्याध्यापक असतील, पवनीला विमा एजंट, साकोलीला टोरांटोच्या कुणाचे तरी मामसासरे. स्वतः देशाबाहेर पाऊल टाकलेले नसते, पण जगातल्या यच्चयावत वकिलातींत आत काय चालते ते त्यांना ठाऊक असते. भंडाऱ्याचे काकाजी या सगळ्यांत अस्सल, कारण ते निवृत्त तलाठी. सरकारने अलीकडे तलाठ्याचा 'ग्राम महसूल अधिकारी' केला, त्याचेही त्यांना काही वाटले नाही. "नाव लांबलं, उतारा तोच हाये," एवढा शेरा मारून त्यांनी विषय संपवला.

त्यांचा सिद्धान्त साधा आहे. गाव नमुना सात सांगतो जमीन कोणाची, गाव नमुना बारा सांगतो तिच्यात पीक कोणते. माणूस कोण आणि काय करतो हे दोन्ही एकाच कागदावर आले. "अमेरिकेले आनखी काय पाह्यजे?" असे ते विचारतात, आणि समोरच्याला उत्तर सुचायच्या आत दुसरा चहा मागवतात.

अमेरिकेला आणखी बरेच काही पाहिजे असते. विद्यापीठाकडून आलेले आय-२०, ऑनलाइन भरलेला डीएस-१६०, ३५० डॉलरचे सेव्हिस शुल्क, १८५ डॉलरचे व्हिसा शुल्क. दोन्ही शुल्के व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाहीत. काकाजींना हा हिशेब सांगितला की ते खूश होतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाराष्ट्र सरकारच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. "इतका स्वस्त आन् इतका मजबूत कागद त्याईच्या देशात तरी भेटते का?"

या वेडामागे कायद्याचा आधार आहे, हीच खरी पंचाईत. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यातले कलम २१४ (ब) असे गृहीत धरते, की खिडकीसमोर उभा राहिलेला प्रत्येक विद्यार्थी कायमचाच राहायला निघालाय. तसे नाही हे त्याने स्वतः पटवून द्यायचे. मायदेशी आपले काय आहे, परत यायला कारण काय आहे, हे दाखवायचे. हे कलम काकाजींना कुणी वाचून दाखवले तो दिवस भंडाऱ्याच्या विद्यार्थ्यांना महागात पडला. "वापस येनार याचा पुरावा मांगते ना ते? मंग? जमीन सोडून कोन जाते?" जमीन सोडून लोक पुण्याला, नागपूरला, सुरतेला रोज जातात, हे त्यांना सांगायची कुणाची छाती झालेली नाही.

मुलाखतीचा सराव काकाजींच्या छपरीत होतो. अधिकारी अर्थात काकाजी. पहिला प्रश्न इंग्रजीत, "व्हाय यू गो?" मुलगा डेटा सायन्सवर तयार केलेले उत्तर सुरू करतो, तोच दुसरा प्रश्न येतो, "हाऊ मच एकर?" तिसऱ्या प्रश्नापासून इंग्रजी सुटते आणि गोसेखुर्दच्या कालव्याचे पाणी वावरापर्यंत येते की नाही, याची चौकशी लागते. मोहाडी तालुक्यातल्या एका पोराने असा आठवडाभर सराव केला. मुंबईत अधिकाऱ्याने त्याला हेच विद्यापीठ का, पैसे कोण भरणार आणि शिकून झाल्यावर काय करणार, एवढेच विचारले. तिसऱ्या प्रश्नाला पोराच्या तोंडून गट नंबर बाहेर पडला. अधिकारी क्षणभर थांबला, मग त्याने पासपोर्ट ठेवून घेतला, म्हणजे व्हिसा मंजूर. काकाजींनी ही गोष्ट साऱ्या भंडाऱ्याला सांगितली. पुढच्या वर्षी दुसऱ्या पोराला त्याच कलमाखाली नकार मिळाला. त्याच्या फायलीत तर तीन भावकीचे मिळून अकरा उतारे होते. काकाजींनी फाईल चाळली, चष्मा पुसला आणि निदान केले, "आठ-अ नाही लावला."

ब्रिटनचे प्रकरण वेगळे. तिथे वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च बँकेत सलग २८ दिवस पडून राहिला पाहिजे, एक दिवसही कमी नको. हा नियम ज्याने केला त्याने धानाचा चुकारा पाहिलेला नसावा. भंडारा म्हणजे धानाचे कोठार. दिवाळीनंतर आधारभूत केंद्रावर धान मोजून दिले, की चुकाऱ्याची वाट पाहणे हा इथला हिवाळी उद्योग आहे. चुकारा आलाच, तर कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचे कर्ज आणि पुतणीचे लग्न यांतून तो खात्यात २८ तास टिकला तरी नशीब. लाखनीकडच्या एका मुलीने हे काकाजींपुढे मांडले. काकाजी गंभीर झाले. "जमीन तं अठ्ठावीस पिढ्यापासून हाये वो माय. अठ्ठावीस दिवसाचं काय घेऊन बसले ते? सातबारा लाव." मुलीने सातबारा लावला नाही. मामाने मुदत ठेव मोडून रक्कम खात्यात टाकली, २८ दिवस सगळ्या घराने श्वास रोखून धरला आणि व्हिसा आला. आपला सातबारा न लावता व्हिसा आल्याचे काकाजींना आजतागायत कुणी सांगितलेले नाही.

जर्मनीबद्दल त्यांचे मत बरे नाही. तिथे विद्यार्थ्याला स्वतःच्याच नावाने बंद खाते उघडावे लागते, त्यात ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि महिन्याला ९९२ युरोच हाती येतात. "पैसे आपले आन् चाबी त्याईची," असे म्हणून ते जर्मनी निकालात काढतात. कॅनडाचे तर त्यांनी नावच टाकले आहे. तिथे राहण्याच्या खर्चासाठी १०,००० डॉलर दाखवायला लागत. जानेवारी २०२४ पासून ते २०,६३५ झाले, सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. भारतीयांसाठी असलेली झटपट अर्जाची योजनाही नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद पडली. "रोज आनेवारी बदलवते तो देश," हा काकाजींचा निकाल.

अमेरिकेने जून २०२५ मध्ये विद्यार्थ्यांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सर्वांसाठी खुली करायला सांगितले, तेव्हा काकाजींनी एका पोराचा मोबाइल घेऊन अख्खी संध्याकाळ तपासणी केली. मित्रांसोबतचे अंबागडच्या किल्ल्यावरचे फोटो त्यांना खटकले. बांधावर ट्रॅक्टरला टेकून काढलेला एक फोटो मात्र त्यांनी डोळे बारीक करून पाहिला. "हा राहू दे. मागं आपला गट दिसते."

खरी थट्टा पुढे आहे. ज्या कागदावर अमेरिका जिंकायची, तो कागद घेऊन पोरगा भंडाऱ्याच्याच बँकेत शैक्षणिक कर्जाला गेला, की साहेब तो हळूच बाजूला सरकवतात. साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. त्यावर गेले की बहुतेक बँका तारण मागतात, आणि तारण म्हणून शेतजमीन नको म्हणतात. अकृषक प्लॉट आणा, फ्लॅट आणा, मुदत ठेव आणा. म्हणजे पाच एकर धानाच्या बांध्यांचा मालक बँकेच्या लेखी कफल्लक, आणि रिंग रोडवरच्या दीड हजार चौरस फुटांचा मालक सुस्थितीतला. हे ऐकले की काकाजींचा आवाज चढतो. परदेशी वकिलातींना त्यांनी कधी दोष दिला नाही, पण बँकेला शिव्या देताना ते मागेपुढे पाहत नाहीत. त्या शिव्या इथे छापता येत नाहीत.

तरी त्यांच्या हट्टात थोडे तथ्य आहेच. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, म्हणून निव्वळ शेती करणाऱ्या कित्येक बापांकडे विवरणपत्र नसते. व्हिसाच्या यादीत तर बापाची तीन वर्षांची विवरणपत्रे सर्रास मागतात. मग बाप खरोखर काय करतो, हे सांगणारा सरकारी शिक्क्याचा कागद उरतो तो सातबाराच. तो एकटा पुरत नाही, ही गोष्ट वेगळी.

काकाजी कंटाळवाणे आहेत, हटवादी आहेत, आणि २०११ सालीच वांद्रे-कुर्ला संकुलात गेलेल्या अमेरिकेच्या वकिलातीचा पत्ता ते परवापर्यंत ब्रीच कँडीचे लिंकन हाऊस असाच सांगत होते. पण या धंद्यात दुसरी माणसेही आहेत. मोठ्या शहरांत काचेच्या दारामागे 'शंभर टक्के व्हिसा' अशी पाटी लावून बसणारी. २०२३ मध्ये कॅनडात शेकडो भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे बनावट निघाली. बहुतेक पोरे पंजाबची. एजंटाने दिलेला कागद खोटा होता, हे त्यांना कळले ते तिथे काही वर्षे काढून कायम वास्तव्यासाठी अर्ज केल्यावर. काकाजींनी आजवर कुणाकडून रुपया घेतलेला नाही आणि कुणाच्या फायलीत खोटा कागद जाऊ दिलेला नाही. एका बापाने बँकेचा बनावट खातेउतारा आणला, तेव्हा काकाजींनी तो सर्वांसमोर टराटरा फाडला आणि बापाला तसाच बसवून ठेवून स्वतः सातबारा काढून आणला.

मुंबईलाही ते सोबत जातात. वरठीच्या स्टेशनावरून विदर्भ एक्स्प्रेस, सकाळी मुंबई, मग वांद्रे. वकिलातीत मोबाइल आणि बॅगा नेता येत नाहीत. बाहेर पैसे घेऊन सामान सांभाळणारे असतात, पण काकाजी असताना भंडाऱ्याच्या पोराने तिथे पैसे का घालायचे? ते फुटपाथवर वर्तमानपत्र पसरून बसतात, मांडीवर तीन बॅगा, हातात चार मोबाइल. ते चारही आळीपाळीने वाजतात, कारण चार घरी चार आया आहेत. काकाजी प्रत्येकीला सांगतात, "आत गेला बाई. हाव, सातबारा लावला हाये." लावलेला नसतो. पोरांनी तो रात्रीच गाडीत गादीखाली सरकवलेला असतो.

त्यांचा सिद्धान्त मोडला तो एका मुलापुढे. आई बिड्या वळणारी, वडील मजूर. मुलाला महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती मिळाली होती, जी अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी मिळते. शिक्षण शुल्क, निर्वाहभत्ता आणि विमानाचे भाडे सरकारचे. प्रवेश ब्रिटनमधला. काकाजी आले, खुर्ची ओढली.

"सातबारा लावला का बे?"

"आमची जमीनच नाही काकाजी."

काकाजी गप्प झाले. तीस वर्षे नोकरीत त्यांनी उतारे दिले, फेरफार नोंदवले, वारस लावले. ज्यांचे नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही अशी माणसे त्यांच्या सज्जात तेव्हाही होती, पण ती कधी त्यांच्या टेबलापर्यंत यायची नाहीत. जरा वेळाने ते म्हणाले, "मंग मायचं बिडी कामगार कार्ड लाव." पोरगा हसला आणि म्हणाला, "काकाजी, बाबासाहेब १९१३ मधी कोलंबियाले गेले, तवा त्याईनं कोणता सातबारा लावला होता?"

लावला नव्हता. अमेरिकेने परदेशी विद्यार्थ्यांची कायद्यात वेगळी तरतूद केली ती पुढे १९२४ मध्ये. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करीन असा करार. परत येण्याची हमी तेव्हाही मागितली गेली, ती जमिनीवर नव्हे, शब्दावर. परदेशातल्या मोठमोठ्या पदव्या घेऊन तेच बाबासाहेब १९५४ साली लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले ते याच भंडाऱ्यातून, आणि मतपेटीत भंडाऱ्याने त्यांचा अर्ज नामंजूर केला. हे काकाजींना माहीत आहे. त्यांच्या पिढीत ते सगळ्यांनाच माहीत असते आणि चहाच्या वेळी ते कुणी काढत नाही.

पोराचा व्हिसा आला. सरकारी शिष्यवृत्तीचे पत्र पुरले, बँकेचे २८ दिवस लागले नाहीत, जमिनीबद्दल कुणी अवाक्षर विचारले नाही. निघायच्या दिवशी काकाजी स्टेशनावर आले होते. कुणाला काही न विचारता त्यांनी पोराची बॅग उचलून डब्यात ठेवली.

काकाजी सुधारले, असा कुणी समज करून घेऊ नये. पुढच्याच महिन्यात तुमसरच्या एका मुलीकडे ते खुर्ची ओढून बसले. फरक एवढाच झाला, की आता प्रश्नाला एक शेपूट आहे. "सातबारा लावला का वो माय? असंन तं."

तेव्हा तुमच्या घरचे कुणी निघाले असेल, तर रकमा आणि नियम त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर अर्जाच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासा. ते वर्षात दोनदाही बदलतात. व्हिसाची हमी देणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नका. आणि मुंबईला जाताना काकाजींना न्या. ते तिकिटाचे पैसे घेणार नाहीत, म्हणून तिकीट तुम्हीच आधी काढा, आणि खालचाच बर्थ घ्या. त्यांना वर चढता येत नाही.