जुनी पिकअप ‘टाइट’ कशी करावी?
(नवशिक्यांसाठी पाच पायऱ्या)

साहित्य: महिंद्राची जुनी डिझेल पिकअप एक, पान्यांचा सेट, फिलर गेज, जॅक, हात पुसायला फाटकी बनियन आणि सल्लागार चार. सल्लागार गारगोटीत शोधावे लागत नाहीत. बॉनेट उघडलं की आपसूक जमतात.

पायरी 1. धूर पाहा. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा असेल तर ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढराच राहिला तर टायमिंग मागे आहे किंवा आत पाणी जातंय. रंग कुठलाही असो, सल्लागारांचा निकाल एकच: “पंप वाढीव की भावा!”

पायरी 2. पंप वाढवा. सील तोडा, स्क्रू फिरवा. प्युजोच्या या एक्सडीपी 4.90 इंजिनात जागा 2,112 सीसी, घोडे साठ-बासष्ट. टर्बो नाही, त्यामुळे हवा येते तेवढीच येणार. जास्तीचं डिझेल न जळता काळं होऊन मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर जातं. एअर फिल्टर आधी साफ केला असता तर ही पायरी लागली नसती. पण मग सल्लागारांनी करायचं काय?

पायरी 3. टॅपेट आवळा. इंजिन थंड हवं आणि गेजची पाती किंचित अडकत सरकायला हवी. नवशिके मात्र टकटक पूर्ण थांबेपर्यंत आवळतात. मग व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि व्हॉल्व्ह जळतो. शांतता मिळते, बिल नंतर येतं.

पायरी 4. हाऊजिंगचे, म्हणजे डिफरन्शियलचे, दात मोजा, तेही न खोलता. गाडी न्यूट्रलला, बाकीच्या चाकांना दगड. मागचं एकच चाक जॅकवर घेऊन दोन पूर्ण फेऱ्या फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टच्या फेऱ्या मोजा. पाचच्या वर तिसरा हिस्सा भरला तर क्राऊन-पिनियन 43-8 चं, म्हणजे 5.38. पाचाला थोडी कमी पडली तर 39-8, म्हणजे 4.88. जीपच्या घराण्यात हे दोन्ही जोड चालत आले. सहाशे-सोळाच्या टायरवर, टॉप गिअरला, 3,000 फेऱ्यांना पहिला ताशी 74 किलोमीटरच्या आसपास नेतो, दुसरा 81 च्या.

पायरी 5. सात किलोमीटरच्या मोहात पडा. कूर, मुदाळ तिट्टा करत रिकामी गाडी कोल्हापूरला पळवायची तर 39-8 झकास. पण कडगाव-पाटगावच्या चढाला, मागे भरगच्च माल असताना, तीच गाडी सेकंडला येऊन रडते. तरी बदलायचंच असेल तर जोड पूर्ण बदला, नुसतं पिनियन नव्हे. दातांना रंग लावून घास तपासा. फोर बाय फोर असेल तर पुढच्या हाऊजिंगलाही तोच जोड हवा, नाहीतर पुढची चाकं एक म्हणतील, मागची दुसरंच.

तात्पर्य: जुन्या गाडीला एकतर पळायला सांगावं, नाहीतर ओढायला. दोन्ही एकदम पाहिजे असेल तर माल पिकअपमध्ये ठेवा आणि आपण गारगोटी आगाराची एसटी धरा.