काहीतरी कमी करा

आमच्या जालन्यात भावाची पाटी चर्चा कुठून सुरू करायची तेवढंच सांगते. ‘एकच भाव’ असं ठसठशीत लिहिलेल्या दुकानात तर गिऱ्हाईक हमखास विचारतं, “एकच भाव, बरोबर. पण शेवटचा किती?” जालना म्हणजे सोन्याचा पाळणा, अशी जुनी म्हण आहे. पाळणा खरंच सोन्याचा असेल, तर तो करून घेणाऱ्यानं घडणावळीत नक्की घासाघीस केली असणार. सोन्याचा भाव हलत नाही म्हटल्यावर आमचा माणूस दुसरं करणार काय?

या विद्येची खरी परीक्षा लग्नाच्या बस्त्यात होते. जीप भरून माणसं येतात. त्यातली निम्मी कपडे पसंत करायला असतात आणि उरलेली नापसंत करायला. आमची मावशी दुसऱ्या पक्षाची पुढारी. साडी मनात भरली की तिचा चेहरा पडतो. जी घ्यायचीच नाही तिचं ती तोंडभरून कौतुक करते. शेठही मुरलेले. “मावशी, तुमच्याकडून काय कमवायचं?” असं ते पूर्वीपासून म्हणत आलेत आणि दरम्यान दुकानावर मजले चढत गेलेत. आधी चहा येतो, मग थंड येतं. कॅल्क्युलेटर गादीवरून इकडून तिकडे सरकत राहतो. आकडा तोंडानं कुणी उच्चारत नाही. शेठ बटणं दाबून दाखवतात, मावशी खोडून आपली बटणं दाबते. शेवटी बिलातून काही हजार गळतात, वर नवरीच्या आईला एक साडी मिळते. मावशी लढाई जिंकल्यासारखी पायऱ्या उतरते, शेठ लुटले गेल्यासारखे गल्ल्यावर बसतात. दहा टक्के सूट द्यायची तर आधी बारा टक्के चढवावे लागतात, हे दोघांनाही पाठ असतं. पण गिऱ्हाइकाला मान दिला नाही असं कुणी म्हणू नये, म्हणून हा सगळा सोहळा.

एसटीची तऱ्हा वेगळी. तिथं घासाघीस नाही. सूट परस्पर ठरवून दिली आणि भांडण आमच्या घरात लावून दिलं. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. तेव्हापासून आमच्याकडे अंबडला बहिणीकडे कोण जाणार हे नात्यावरून ठरत नाही, दरावरून ठरतं. तिच्या यजमानांची, म्हणजे दाजींची, विहिरीवरची मोटार जळाली तरी विचारपूस करायला माझी बायकोच जाते. “तुम्ही गेलात तर दुप्पट लागतं,” म्हणते. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ केस काळेभोर ठेवतात. पूर्वी कुणी वय विचारलं तर चिडायचे. पासष्टावं पूर्ण झाल्यापासून कंडक्टर जवळ यायच्या आत आधार कार्ड पुढे करतात. कंडक्टर म्हणाला, “काका, वाटत नाही हो,” की खुलतात, आणि खुललेल्या चेहऱ्यानं अर्धंच तिकीट घेतात.

दाजींची मात्र या सगळ्यात पंचाईत आहे. ते वयानं पन्नाशीतले, जातीनं पुरुष आणि धंद्यानं शेतकरी. यातल्या कुठल्याच खात्यावर सूट नाही. खताच्या दुकानात तर त्यांना सुटीचा उलटा भाऊ भेटतो. त्याचं नाव लिंकिंग. युरियाचं पोतं पाहिजे? मग ही बाटलीही घ्या. बाटलीत काय आहे? “झाडाला चांगलं असतं.” दाजींच्या गोठ्यात अशा बाटल्यांची रांग लागलीय. झाडांशी त्यांची अजून ओळख झालेली नाही. बियाण्याचं म्हणाल, तर १९६४ साली महिको कंपनी इथंच सुरू झाली, बियाण्यांचं शहर म्हणून आमचं देशभर नाव झालं. पण कपाशीच्या पाकिटाचा जास्तीत जास्त भाव सरकार ठरवतं. २०२५च्या हंगामात बीजी-२चं पाकीट ९०१ रुपयांना होतं. दाजी दुकानात शिरताना “काहीतरी कमी करा” हे वाक्य घोकत शिरतात आणि हव्या त्या वाणाचं पाकीट मिळालं या आनंदात ते म्हणायचंच विसरतात.

पण दाजी सूट घेत नसले तरी देतात मात्र दणदणीत. त्यांची मोसंबीची बाग आहे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकन वजनकाट्यावर चढत नाही. तिथं व्यापारी टनामागं काही किलो सूट कापतो. हजार किलोचा टन फक्त शाळेत शिकवतात. सूट कशाची? फळ वाटेत दबतं, सुकतं, नासतं. दिल्ली लांब आहे.

“अहो, पण ही गाडी संभाजीनगरला चाललीय,” दाजी म्हणाले.

“सूट तीच राहते, पाटील. दिल्लीला गेली असती तर?”

कापडाच्या दुकानात सूट गिऱ्हाईक मागतं, आणि शेठनं त्याआधीच किंमत फुगवून ठेवलेली असते. दाजींना मोसंबी फुगवता येत नाही. आदल्या रात्री पाणी दिलं तरी ती आपल्याच बेतानं वाढते. म्हणून त्यांनी दिलेली सूट ही आमच्या अख्ख्या जिल्ह्यातली एकमेव खरी सूट आहे, आणि तिच्यासाठी त्यांना चहासुद्धा कुणी विचारत नाही.

विक्रीच्या हिशेबाची पट्टी खिशात घालून दाजी बाहेर आले. मी सोबत होतो. ऊन मी म्हणत होतं, म्हणून ज्यूसच्या गाडीवर थांबलो. दोन ग्लास मोसंबी सांगितली. भाव ऐकून माझ्या तोंडून सवयीनं निघालं, “काहीतरी कमी करा.”

“परवडत नाही, साहेब,” गाडीवाला म्हणाला. “शेतकऱ्यानं माल लई महाग केलाय.”

मी दाजींकडे पाहिलं. दाजींनी गुपचूप पूर्ण पैसे मोजले. गाडीवाल्यानं बर्फाचा चुरा ग्लासात टाकायला हात उचलला, तेव्हा मात्र त्यांनी त्याचं मनगट धरलं.

“बर्फ नको,” म्हणाले. “वजनातली सूट आत्ताच देऊन आलोय.”